अनेक फायलींतल्या जुळणाऱ्या ओळी आधी गोळा करून मग एकदम छापणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्यात दांडिया बाजाराच्या अंगाला आमचं एक मराठी मंडळ आहे. गणपती, कोजागिरी, दिवाळी पहाट आणि वर्षाकाठी एक अहवाल. ते जुने अहवाल चार-पाच जणांनी घरी बसून टाइप केले. दर वर्षाची एक, अशा ४१ फायली झाल्या. आता त्यांतल्या देणगीच्या ओळी वेचून एकच सलग यादी करायची आहे. मी पोटापाण्यासाठी स्क्रिप्टच, म्हणजे संगणकाकडून कामं करून घेणारे छोटे प्रोग्रॅम, लिहितो, म्हणून प्रश्न माझ्याकडे येतात, आणि तेच तेच येतात. फोनवर सांगून दमलो, म्हणून हे पान.

आज्ञांची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा द्यायच्या खिडकीत, ती रोमन अक्षरांतच टाइप करायची. ‘छापणं’ म्हणजे पडद्यावर किंवा फायलीत उतरवणं. कागदावरची छपाई जिथे अभिप्रेत आहे तिथे ‘प्रेस’ म्हटलंय.

ओळ सापडली की लगेच छापली तर काय बिघडतं?

कधी कधी काहीच नाही. एका फायलीत एक नाव बघायचंय, तर ग्रेप ही जुळणाऱ्या ओळी शोधून छापणारी आज्ञा चालवा आणि मोकळे व्हा. केन थॉम्पसन यांनी १९७३ साली ग्रेप केलं ते याचसाठी. ‘ईडी’ या जुन्या एडिटरमधली ‘सगळीकडे शोध, जुळलं की छाप’ ही आज्ञाच त्यांनी वेगळी काढली. ग्रेपच्या नावातला शेवटचा ‘पी’ प्रिंटचाच.

अडचण येते ती जे छापायचं ते सगळ्या फायली बघितल्याशिवाय ठरत नसेल तेव्हा. वर ‘एकूण देणग्या’ लिहायच्यात, नावं अकारविल्हे हवीत, एकाच माणसाच्या सगळ्या वर्षांच्या देणग्या एकाखाली एक हव्यात. पहिली फाइल वाचताना यातलं काहीच माहीत नसतं.

माझे आजोबा शिकायला असताना माधुकरी मागत. पाच घरं झाल्याशिवाय झोळी सोडायची नाही, हा शिरस्ता. पहिल्याच घरच्या ओट्यावर बसून नुसता भात संपवला, तर चौथ्या घरी मिळालेली आमटी कशाबरोबर खाणार? स्क्रिप्टमध्येही तसंच आहे, म्हणून मी गोळा करायच्या यादीला झोळीच म्हणतो.

आणखी एक कारण आहे, आणि माझ्या मते तेच मोठं. छापत छापत जाणारी स्क्रिप्ट २३व्या फायलीत अडखळून पडली, तर २२ फायलींची यादी मागे उरते आणि ती पुरी झाल्यासारखीच दिसते. झोळीवाली स्क्रिप्ट पडली तर हातात काहीच येत नाही. हे बरं. निदान कोणी ती प्रेसला पाठवत नाही.

झोळीत नेमकं काय टाकायचं? नुसती ओळ पुरेल ना?

नाही पुरत. तीन गोष्टी टाका: फायलीचं नाव, ओळीचा क्रमांक, आणि ओळ जशी आहे तशी. १९१० साली सयाजीरावांनी बोर्डन नावाचे अमेरिकन ग्रंथपाल बडोद्यात आणले, तेव्हापासून या गावाला एक गोष्ट ठाऊक असायला हवी: कार्डावर पुस्तकाचं नाव आहे पण कपाटाचा क्रमांक नाही, तर ते कार्ड बंबात घालायला मोकळं. ‘हे ५०१ कुठून आले?’ असं खजिनदारांनी विचारलं की फाइल आणि ओळ सांगता आली पाहिजे.

सांगाडा असा:

झोळी = रिकामी
क्रमाने लावलेल्या प्रत्येक फायलीसाठी
  १ पासून मोजत प्रत्येक ओळीसाठी
    ओळीत ‘देणगी’ असेल तर
      झोळीत टाक: फाइल, क्रमांक, ओळ
सगळ्या फायली संपल्यावर
  झोळीतल्या ओळी क्रमाने लाव, मोज, छाप

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत झोळी म्हणजे लिस्ट आणि टाकणं म्हणजे अपेंड. माणसागणिक वेगळा गठ्ठा हवा असेल तर डिक्शनरी घ्या आणि प्रत्येक नावापुढे एक लिस्ट ठेवा. ‘डिफॉल्टडिक्ट’ घेतलं तर नवीन नाव आलं की रिकामी लिस्ट आपोआप तयार होते.

माझ्या यादीत फक्त शेवटच्याच फायलीतल्या ओळी येतात.

‘झोळी = रिकामी’ ही ओळ लूपच्या, म्हणजे ‘प्रत्येक फायलीसाठी’ या फेऱ्यांच्या, आत गेलीय. प्रत्येक घरी झोळी झटकताय. बाहेर काढा.

आणि माझ्याकडे पहिल्या फायलीच्या ओळी पुन्हा पुन्हा छापल्या जातात?

तुमचं उलटं झालंय, ‘छाप’ आत राहिलंय. पायथनमध्ये हा सगळा चार स्पेसचा खेळ आहे.

ग्रेप, ऑक की पायथन?

ग्रेपला ‘-एन’ दिला की ओळ क्रमांक मिळतो. एकापेक्षा जास्त फायली दिल्या की फायलीचं नाव ते स्वतःच लावतं. एकच फाइल असताना नाव हवं तर कॅपिटल ‘-एच’, कधीच नको तर लहान ‘-एच’. पुढे सॉर्टला (ओळी क्रमाने लावणाऱ्या आज्ञेला) पाइप केलं, म्हणजे ग्रेपचं आउटपुट थेट तिच्याकडे वळवलं, की झालं, कारण सॉर्ट सगळं वाचून होईपर्यंत एक ओळही सोडत नाही. ही फुकटची झोळीच आहे! निम्म्या लोकांचं काम इथेच संपतं, त्यांनी पुढचं वाचायची गरज नाही.

ऑक ही ओळी चाळायची छोटी भाषा मला या कामासाठी सर्वांत नेटकी वाटते. अहो, वाइनबर्गर आणि कर्निघन यांच्या आद्याक्षरांवरून नाव पडलं, १९७७ सालचं. (हे अहो म्हणजे आल्फ्रेड अहो. आमच्या काकूंना वाटलं मी त्यांनाच हाक मारतोय.) ऑकमध्ये ‘एंड’चा कप्पा सगळ्या फायली संपल्यावर एकदाच चालतो. आधीच्या भागात ॲरेमध्ये, म्हणजे तिथल्या झोळीत, साठवा, एंडमध्ये छापा. दोन ठिकाणी पाय घसरतो. ‘एनआर’ हा सगळ्या फायलींचा सलग क्रमांक आहे आणि ‘एफएनआर’ हा चालू फायलीपुरता. झोळीत दुसरा टाकायचा. आणि ‘फॉर-इन’ने ॲरे फिरवलात तर क्रम कसाही येतो. क्रम हवा असेल तर स्वतः १, २, ३ असे क्रमांक देऊन साठवा आणि मोजणीच्या लूपने काढा.

मराठी मजकुराची साफसफाई करायची असेल तर मात्र पायथन. का, ते खाली कऱ्हाडकरांच्या प्रश्नात येईल.

बॅशमध्ये (टर्मिनलमधल्या आज्ञा चालवणाऱ्या शेलमध्ये) व्हाइल लूप लावून ॲरेत सगळं जमवलं. लूपमध्ये छापून बघितलं तर दिसतं. लूपच्या बाहेर आलो की ॲरे रिकामा!

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा आलाय, आणि विचारणारा दर वेळी दोन तास घालवून आलेला असतो. तुमची चूक नाही. तुम्ही ग्रेपचं आउटपुट पाइपने व्हाइलकडे पाठवलंय. पाइपच्या उजवीकडचा भाग बॅश वेगळ्या सबशेलमध्ये, म्हणजे स्वतःच्याच दुसऱ्या प्रतीत, चालवतं. ॲरे तिथे भरतो, आणि लूप संपला की तो सबशेल ॲरेसकट नाहीसा होतो. बाहेरचा ॲरे कोणी शिवलेलाच नसतो.

उपाय म्हणजे पाइप काढा आणि लूपला मागून खाऊ घाला: शेवटच्या ‘डन’नंतर < <(ग्रेपची आज्ञा) असं लिहा. दोन ‘<’च्या मध्ये एक जागा हवी, ती राहिली की वाक्यरचनेची चूक दाखवतो. किंवा लूपच नको, ‘मॅपफाइल -टी’ने सगळ्या ओळी थेट ॲरेत घ्या. मॅपफाइल बॅश ४.० पासून आहे. मॅकवर ॲपल अजून ३.२ देतं, तिथे ही आज्ञा सापडत नाही. आमच्यातल्या एका मॅकवाल्या भाईंनी याबद्दल मला बरंच ऐकवलं होतं.

फायलींचा क्रम भलताच लागतो. ‘अहवाल १०’ हा ‘अहवाल २’च्या आधी!

शेल नावं अक्षरांप्रमाणे लावतं, संख्येप्रमाणे नाही. आणि १ हे २ च्या आधी. सॉर्टला कॅपिटल ‘-व्ही’ द्या, किंवा फायलींना मुळातच ०२, १० अशी नावं द्या. आम्ही फायलींना वर्षाचीच नावं दिली, प्रश्न मिटला. पायथनचं फायली शोधून देणारं ग्लॉब तर कुठल्याच क्रमाची हमी देत नाही. तिथे ‘सॉर्टेड’ लावायचंच, माझ्या लॅपटॉपवर बरोबर येतंय म्हणून सोडायचं नाही.

फायलीत ‘कऱ्हाडकर’ डोळ्यांना दिसतंय, पण स्क्रिप्टला सापडत नाही. असं कसं?

कारण तुमचा कऱ्हाडकर आणि फायलीतला कऱ्हाडकर वेगळे आहेत. दिसायला जुळे, आत वेगळी अक्षरं.

तो अर्धा र टाइप करायच्या निदान तीन पद्धती आमच्या फायलींत निघाल्या. एकात ऱ हे सुटं अक्षर (युनिकोड या अक्षरांच्या क्रमांक-यादीत ०९३१) आणि पुढे हलन्त. दुसऱ्यात साधा र, खाली नुक्ता (टिंब), मग हलन्त. तिसऱ्यात साधा र, हलन्त आणि मग एक अदृश्य जोडचिन्ह, झीरो विड्थ जॉइनर. पडद्यावर तिन्ही सारखे. वकिलांची तीच गत: ‘ॲड.’मधला ॲ कोणी एकच अक्षर म्हणून टाइप केलेला, कोणी अ वर चंद्र देऊन, कोणी मध्ये जोडचिन्ह घालून. पहिल्या यादीत आमचे वकील देणगीदार निम्मेच आले होते.

पायथनच्या ‘युनिकोडडेटा’मधलं नॉर्मलाइझ, एनएफसी प्रकारचं, र-नुक्ता जोडीचा ऱ करून देतं. बस्स, तेवढंच. जोडचिन्हवाला र आणि ॲ हे त्याच्या अखत्यारीत नाहीत, त्यासाठी स्वतः बदल लिहावे लागतात. इथे क्रम सांभाळा. सगळी जोडचिन्हं सरसकट उडवलीत तर अर्ध्या र चा रफार होतो आणि ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ होऊन बसतं. आधी ‘र, हलन्त, जोडचिन्ह’ या तिकडीच्या जागी ‘ऱ, हलन्त’ ठेवा. मग उरलेली जोडचिन्हं काढा. मग अ-चंद्राचा ॲ करा.

ही धुलाई फक्त जुळवण्यासाठी केलेल्या प्रतीवर करायची. झोळीत मूळ ओळच जाते. टाइप करणाऱ्याने जे लिहिलंय ते स्क्रिप्टने गुपचूप बदलू नये, असं माझं मत आहे. मंडळात सगळ्यांना ते पटत नाही.

पायथनमध्ये ‘\डब्ल्यू+’ने शब्द काढायला गेलो तर ‘मराठी’चे तुकडे झाले.

होणारच. पायथनचं नेहमीचं ‘आरई’ मोड्यूल काना-मात्रांना अक्षर मानत नाही. ‘मराठी’तून ते ‘मर’ आणि ‘ठ’ एवढंच काढतं. चौकटी कंसात देवनागरीची पूर्ण रेंज द्या, ०९०० ते ०९७एफ. आकड्यांच्या बाबतीत मात्र हेच मोड्यूल उदार आहे: ‘\डी’ला ५०१ देवनागरीत असो की इंग्रजीत, दोन्ही चालतात, आणि ‘इंट’ही दोन्हींची संख्या करून देतं. ग्रेपमध्ये ० ते ९ ची इंग्रजी रेंज दिली तर देवनागरी आकडे सुटतात. बेरीज करण्याआधी १,००१ मधला स्वल्पविराम काढायला विसरू नका.

काही वर्षांचे हिशेब गुजरातीत आहेत. तेही त्याच झोळीत येतील का?

येतात, आणि हा बडोदेकरांचाच प्रश्न आहे. आमच्याकडे मधली सहा वर्षं खजिनदार गुजराती होते, त्यांनी ‘फाळो’ लिहिलंय, तेही गुजराती लिपीत. युनिकोडमध्ये देवनागरीचा गट ०९०० पासून आणि गुजरातीचा ०ए८० पासून सुरू होतो (हे क्रमांक सोळाच्या अंकपद्धतीतले), आणि आतली मांडणी जवळपास तीच आहे. म्हणजे गुजराती अक्षराच्या क्रमांकातून ३८४ वजा केले की बहुतेक वेळा तेच अक्षर देवनागरीत मिळतं, आकड्यांसकट. मी जुळवायची प्रत अशी देवनागरीत आणतो आणि ‘देणगी’, ‘फाळो’, ‘दान’ तिन्ही शोधतो. ‘दान’ने थोडा कचरा येतो, मैदान आणि खानदान हमखास. तो हाताने काढला.

एक फाइल स्क्रिप्ट वाचतच नाही, एन्कोडिंगची एरर देते.

विंडोजच्या जुन्या नोटपॅडमध्ये सेव्ह करताना ‘युनिकोड’ निवडलं असेल. तो पर्याय यूटीएफ-१६ चा होता, यूटीएफ-८ चा नाही; अक्षरं बाइटांत साठवायच्या या दोन वेगळ्या पद्धती. ग्रेप अशा फायलीत शोधतं आणि काही न सापडल्याचं सांगतं, जे एररपेक्षा वाईट. फाइल यूटीएफ-८ मध्ये पुन्हा सेव्ह करा, आणि पायथनमध्ये फाइल उघडताना एन्कोडिंग स्पष्ट लिहा.

प्रत्येक देणगीदार यादीत तीन-तीनदा आला. का?

हे माझ्याच हातून झालंय, तेव्हा सविस्तर सांगतो. स्क्रिप्ट फोल्डरमधल्या सगळ्या टेक्स्ट फायली वाचायची आणि यादी त्याच फोल्डरमध्ये टेक्स्ट फाइल म्हणून लिहायची. पहिल्या वेळी बरोबर. दुसऱ्या वेळी तिने ४१ अहवाल वाचले आणि आदल्या दिवशीची यादीही वाचली, कारण तिच्यातही प्रत्येक ओळीत ‘देणगी’ होतंच. सगळे दुप्पट. तिसऱ्या वेळी तिप्पट. मी फक्त पहिलं पान बघितलं, आणि त्या पानावर नावं अकारविल्हे असल्यामुळे एकाखाली एक तीच नावं मला वेगवेगळ्या वर्षांची वाटली.

प्रूफ वाचायला दिलं होतं एका मावशींकडे. त्या म्हणाल्या, ‘अरे, मी एकदाच दिले होते एकशे एक. ते तुझे काका असताना. आता परत द्यायचे आहेत का?’

तेव्हापासून आउटपुट वेगळ्या फोल्डरमध्ये. शिवाय थेट अंतिम नावाने लिहायचं नाही. तात्पुरत्या नावाने पूर्ण लिहायचं आणि मग एमव्हीने नाव बदलायचं. त्याच डिस्कवर हा बदल एका झटक्यात होतो, त्यामुळे यादी एकतर जुनी असते किंवा पूर्ण नवी, अर्धी कधीच नसते.

शेलमध्ये याच गोत्राची आणखी एक खोड आहे. ‘>’ने जी फाइल दिली ती आज्ञा सुरू व्हायच्या आधीच रिकामी केली जाते. वाचायची आणि लिहायची फाइल एकच ठेवलीत तर वाचायला काही उरत नाही.

मग सरळ डुप्लिकेट काढून टाकले तर?

सॉर्टला ‘-यू’ दिलं की निघतात, पण विचार करून. एकाच माणसाने १९९१ आणि १९९२ साली १०१ रुपयेच दिले असतील, तर त्या दोन देणग्या आहेत. नुसत्या ओळीवर डुप्लिकेट काढलात तर एक गेली. फाइल आणि ओळ मिळून एक मानून काढा. मूळ क्रम टिकवायचा असेल तर ऑकमध्ये ‘आधी पाहिलंय का’ असा ॲरे ठेवून फक्त पहिल्यांदा दिसलेली ओळ घेता येते.

नाव एका ओळीत आणि रक्कम पुढच्या ओळीत आहे.

ग्रेपला कॅपिटल ‘-ए १’ दिलं की जुळलेल्या ओळीखालची एक ओळही येते. मध्ये मध्ये ‘--’ अशा ओळी येतील, त्या गटांमधल्या फटी आहेत, गाळून टाका. पायथनमध्ये ‘आता पुढची ओळ घ्यायची आहे’ अशी खूण ठेवा, आणि फाइल बदलली की ती खूण पुसा. नाहीतर १९८३ च्या शेवटच्या नावाला १९८४ ची पहिली ओळ चिकटते.

सगळं मेमरीत ठेवलं तर लॅपटॉप बसणार नाही ना?

देवनागरीचं एक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं. अहवाल एक लाख चिन्हांचा धरला तरी ३ लाख बाइट. असे ४१ म्हणजे सव्वा कोटीच्या आत, आणि झोळीत तर त्यातल्या मोजक्याच ओळी. व्हॉट्सॲपवर येणारा एक सत्यनारायणाचा व्हिडिओ याहून जड असतो.

सर्व्हरचे कित्येक जीबींचे लॉग असतील तर गोष्ट वेगळी. तिथे सॉर्टवर सोपवा, ते मेमरी भरली की तात्पुरत्या फायली वापरतं. आणि ‘टेल -एफ’सारखा न संपणारा प्रवाह असेल तर झोळी वापरूच नका, कारण शेवट येतच नाही आणि छापायची वेळही येत नाही.

वेग वाढवायला चार प्रक्रिया एकदम चालवल्या, तर ओळी एकमेकींत घुसल्या.

एक्सआर्ग्ज (एक आज्ञा अनेक फायलींवर चालवणारं) कॅपिटल ‘-पी’ने चालवलं असेल. चारही जण एकाच तोंडाने बोलतात. प्रत्येकाला वेगळी फाइल द्या आणि शेवटी जोडा. ४१ फायलींसाठी हा उपद्व्याप कशाला, हेही स्वतःला विचारा.

काहीच सापडलं नाही तर स्क्रिप्ट मध्येच बंद पडते.

ग्रेप काही न सापडल्यास १ परत देतं, खरी चूक झाल्यास २. स्क्रिप्टच्या डोक्यावर ‘सेट -ई’ असेल तर ती १ लाही अपयश समजून थांबते. १ आणि २ वेगळे हाताळा. झोळी रिकामी निघाली तर तसं छापा, कोरी फाइल मागे ठेवू नका.

अकारविल्हे यादीत ‘ळ’ आणि ‘ॲ’ चुकीच्या जागी येतात.

साधं सॉर्टिंग युनिकोडच्या क्रमांकाने होतं. त्यात ळ हा ल च्या लगेच पुढे, व च्या आधी आहे. आपल्या मुळाक्षरांत तो ह च्या नंतर. ॲ हे अक्षर उशिरा, २००८ च्या युनिकोड ५.१ मध्ये आलं, त्यामुळे त्याचा क्रमांक पार शेवटी आहे आणि सगळे ॲडव्होकेट यादीच्या तळाशी जातात. आयसीयू लायब्ररीचं मराठी कोलेशन (मराठीचे क्रम लावायचे नियम) वापरलं की ते नीट होतं. आम्ही आधी ‘ॲड.’, ‘डॉ.’, ‘श्री.’, ‘सौ.’ ही बिरुदं क्रम लावण्याच्या प्रतीतून काढून टाकली आणि आडनावावर क्रम लावला. वकिलांचं निम्मं काम तिथेच झालं.

प्रेसवाले म्हणतात युनिकोड चालणार नाही, कृतिदेवमध्ये द्या.

सगळ्यात शेवटी बदला. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये आत रोमन अक्षरंच असतात, फक्त चेहरा देवनागरी. त्या फायलीत ‘देणगी’ शोधून सापडत नाही. झोळी, लावणी, बेरीज, प्रूफ सगळं युनिकोडमध्ये उरका आणि पक्की यादी कन्व्हर्टरमधून एकदाच काढा. काढल्यावर ऱ्ह, ॲ आणि ळ असलेली आडनावं मूळ यादीशी डोळ्यांनी ताडून बघा. आमचे कऱ्हाडकर तिथे पुन्हा एकदा हरवले होते.